पहिला पीस ओके

माझ्या नवऱ्याकडे गाण्यांची एक हार्डडिस्क होती. पुनावळ्याच्या आमच्या वन-बीएचकेत टीव्हीच्या कपाटात, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात, ती जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. मला तिच्यावरची धूळ पुसायचीही परवानगी नव्हती. घरातलं बाकी सगळं मीच पुसायचं, ती डिस्क सोडून.

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते. लिहिताना एकेरी लिहिणार आहे. हे सगळं आठवलं की मला अजून राग येतो, आणि अहो-जाहोत नीट रागावता येत नाही.

तो चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होता. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी मोठी प्रेस असते, तिच्यात साचा बसवायचा, तो नीट बसलाय की नाही ते बघायचं आणि मग मशीन ऑपरेटरच्या हाती द्यायचं, हे त्याचं काम. कानात घालायचे बोळे कंपनी देते. सेटर लोक ते खिशात ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की डाय बोलते. पत्रा कापणारा पंच झिजला की तिचा आवाज बदलतो, कुठे पत्र्याचा तुकडा अडकला की बदलतो, आणि प्रेस सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या क्लचची हवा गळायला लागली की बारीक फुस्स असा आवाज येतो. तो फुस्स ज्याला ऐकू आला त्याने हात बाहेर काढायचा. ज्याला नाही आला त्याचं काय होतं ते चाकणच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेजारच्या लाइनवरच्या एकाची दोन बोटं गेली होती, तेव्हा नवरा घरी येऊन म्हणाला होता, "त्याला ऐकूच आलं नाही गं." मी तेव्हा ते वाक्य सोडून दिलं.

अशा आवाजात दिवस काढणारा माणूस घरी आल्यावर गाणी ऐकायचा. जुनी सिनेमाची, नाटकाची, कव्वाल्या, नुसती सारंगी, नुसता तबला. कॅसेटवरून, सीडीवरून त्याने सगळं काँप्युटरवर घेतलं होतं, आणि तेही मोठ्या फाइलमध्ये. एमपीथ्रीचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. त्यात रस काढून घेतात आणि चोथा देतात, असं त्याचं मत. आकुर्डी स्टेशनजवळ एक चाचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी हे दोघं तासन्‌तास एकेका कॅसेटची खरखर साफ करत बसायचे. मी म्हणायचे, एवढी माझी चौकशी केली असतीत तर माझीही खरखर गेली असती.

त्या सगळ्यात एक कॅसेट वेगळी होती. माझे सासरे आकुर्डीतच एका कारखान्यात होते. त्यांच्या वस्तीत विहारासमोर संध्याकाळी गायन पार्टी बसायची आणि सासरे तिच्यात खंजिरी वाजवायचे. गायचे मात्र नाहीत. नवरा कॉलेजात असतानाच ते गेले. त्यांचा फोटो आहे, आवाज कुठेच नाही. आहे ती एका कॅसेटवरच्या एका गाण्यातली खंजिरी. लग्न झाल्यावर नवऱ्याने मला पहिल्यांदा ते गाणं ऐकवलं तेव्हा गाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "ही बघ, ही. आता परत येईल. ही," असं म्हणत तो खंजिरीच्या झांजांवर मान हलवत होता. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला सासरे माहीत आहेत ते एवढेच.

मग डिस्क टिकटिक करायला लागली.

मी सांगितलं, "अहो, तुमच्या डिस्कमधून टिकटिक येतेय."

"पंख्याचा असेल आवाज."

मी पंखा बंद केला. टिकटिक चालूच होती. तो माझ्याकडे बघत राहिला, मग डिस्कला कान लावला, आणि म्हणाला, "हां, येतेय बारीक." त्याला ती ऐकू आली होती की मला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पण डिस्क मरायला टेकली आहे हे त्याला पटलं. शिवाय कंपनीच्या बसमध्ये येताजाता ट्रॅफिकमध्ये जीव जातो, तेव्हा सगळी गाणी फोनच्या कार्डावर असावीत असं त्याच्या मनात बरेच दिवस होतं. कार्ड लहान, फाइल मोठ्या. शेवटी ज्याला जन्मभर चोथा म्हटलं तेच करायचं त्याने ठरवलं. सगळ्या फाइल एका दमात लहान करायच्या.

करायची पद्धत मात्र त्याने कंपनीचीच वापरली. मी स्वतः तळवड्याला रबरी सील बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये तपासणीच्या टेबलावर बसते, त्यामुळे मला ही पद्धत पाठ आहे. बॅच सोडायच्या आधी एकच पीस काढायचा. तो नमुन्याशी ताडून बघायचा. ठीक असला की कार्डावर लिहायचं, पहिला पीस ओके, आणि मग मशीन सोडून द्यायचं. मधे कुणी ढवळाढवळ करायची नाही. रोज हजारो वस्तू याच विश्वासावर बनतात, आणि बहुतेक वेळा चांगल्याच बनतात.

पहिला पीस म्हणून त्याने वडिलांचं गाणं घेतलं. मला आठवतं, मी शेंगा निवडत होते आणि तो कानाला हेडफोन लावून खुर्चीत ताठ बसला होता. "जे सगळ्यात जास्त ओळखीचं तेच तपासायला घ्यावं," असं मला समजावून सांगत होता. आधी त्याने फाइल थोडी लहान केली आणि ऐकली. फरक नाही. आणखी लहान केली. फरक नाही. डाय बसवताना जसं थोडं थोडं खाली घेतात, तसा तो उतरत गेला. प्रत्येक वेळी डोळे मिटून मान हलवायचा, जिथे खंजिरी येते तिथे बरोबर हलवायचा. शेवटी काँप्युटर दाखवतो त्या आकारांच्या यादीतला जवळजवळ सगळ्यात खालचा आकडा आला आणि तो हेडफोन काढून म्हणाला, "कमाल आहे. उगाच इतकी वर्षं मोठ्या फाइलचं ओझं वाहिलं. काहीच फरक नाही."

त्याने बॅच सोडली. काँप्युटर ती सगळी रात्र आणि दुसरा दिवस घरघरत होता.

त्यानंतर जे केलं तेही कंपनीचंच. बॅच पास झाली की लागत नाही ते जागेवर ठेवायचं नाही. आमच्या दोघांच्याही शॉपमध्ये भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. फाइल कार्डावर आल्या, पेनड्राइव्हवर आल्या, मोजल्या, बरोबर भरल्या. मग त्याने ती मरायला टेकलेली डिस्क स्क्रू काढून उघडली आणि आतला चकचकीत तवा बाहेर काढून मला आरशासारखा दाखवला. तिच्यातलं चुंबक फ्रिजला लावलं. बाकीचं भंगारात गेलं. काम संपल्यावर हात पुसावेत तसे त्याने हात पुसले.

पुढच्या रविवारी त्याने ती गाणी मोठ्या स्पीकरवर लावली. मी ओट्याशी होते. मला वाटलं, स्पीकर बिघडला. मग वाटलं, चिमणीमुळे आपल्याला असं ऐकू येतंय. मी चिमणी बंद केली, हात पुसून बाहेर आले. सारंगी पाण्याखालून आल्यासारखी येत होती. गाणाऱ्या बाईच्या स, श या अक्षरांना कसलीशी सळसळ चिकटली होती. माझ्या घरात वीस वर्षं ही गाणी वाजत आहेत. मी ती कधी बसून ऐकली नाहीत, पण भाजी चिरताना ऐकलेली गाणीसुद्धा माणसाला पाठ होतात.

"अहो, हे काय झालंय?"

"काय झालंय?"

"गाणं खराब येतंय."

"छान तर येतंय की." तो मजेत होता. मान हलवत होता.

मी म्हटलं, बाबांचं लावा. त्याने लावलं. आणि खंजिरी नव्हतीच. म्हणजे चामड्यावरची थाप होती, पण झांजा नव्हत्या. कुणीतरी त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या होत्या, आणि त्यांच्या जागी नुसता एक घाण फसफसाट. आणि तो माझ्यासमोर बसून त्या फसफसाटावर बरोबर ठेक्यात मान हलवत होता.

त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली.

"यात झांजा नाहीत," मी म्हटलं.

"आहेत की. ही. ही बघ."

"नाहीत."

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं काही कळत नाही. बिघडलेला पीस कळतो. त्याचाच पगार घेते मी."

त्यावर आमचं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, तू आयुष्यात कधी माझं एक काम धड आहे असं म्हणाली नाहीस. मी म्हटलं, तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, दोनदा डाळ करपली. दाराची बेल वाजते तेव्हा तुम्ही दारासमोर बसलेले असता आणि उठून मी येते. मला वाटत होतं तुम्ही आळशी आहात. वीस वर्षं मी तुमच्या आळसाला बोल लावतेय. बोलता बोलता माझं मलाच कळलं मी काय बोलतेय ते, आणि मी थांबले. स्पीकर चालूच होता.

मग मी विचारलं, "कंपनीत दरवर्षी कान तपासतात ना? त्यात काय येतं?"

"नॉर्मल येतं."

"कसं?"

तो हसल्यासारखं करून म्हणाला की ते काय, त्या खोलीत काचेतून बाहेरची बाई दिसते. ती आवाज सोडते तेव्हा तिचं कोपर हलतं. कोपर हललं की आपण बटण दाबायचं. सगळेच तसं करतात, लाइन मोठी असते, लवकर सुटतो माणूस. नापास झालेल्याला पॅकिंगला टाकतात, म्हणून जुने लोक नव्यांना पहिल्याच वर्षी हे शिकवून ठेवतात. त्याने ते अगदी सहज सांगितलं. बसमध्ये जागा कशी धरायची ते सांगावं तसं.

मला त्या वेळी गाण्यांचं काही वाटेनासं झालं. मला फक्त तो फुस्स आवाज आठवत होता, जो कधी मी ऐकलेला नाही. माझा नवरा रोज सकाळी डबा घेऊन जातो आणि त्या मशीनच्या तोंडात हात घालतो, आणि त्याला सांगणारा तो एकच आवाज त्याच्यासाठी बंद झालाय. कधीपासून, ते त्यालाही ठाऊक नाही.

त्याने मात्र तोडगा काढला होता. त्याचं म्हणणं, डिस्कच मरत होती, म्हणून फाइल खराब उतरल्या, कानाचा काही संबंध नाही. खरखर साफ करताना चाचांनी सगळ्याची एक प्रत ठेवून घेतली आहे. तिथे जाऊ, मूळ फाइल आणि लहान केलेली शेजारी शेजारी लावू, फरक असेल तर मला कळेलच. एवढं बोलून तो चपला घालायला लागला. मीही निघाले. मला न नेता तो गेला असता तर चाचांनी चहा पाजून त्याला परत पाठवला असता, याची मला खात्री होती.

चाचा सत्तरीचे आहेत. माझ्या सासऱ्यांना ओळखणारं आता वस्तीबाहेर तेच एक उरलंय. नवऱ्याने त्यांना काय हवंय ते सांगितलं. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता काँप्युटर लावला. नवरा दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला. चाचांनी मूळ गाणं लावलं.

झांजा परत आल्या. इतक्या स्वच्छ, की बाहेर रिक्षावाला वळून बघायला लागला. मला रडू यायला लागलं, म्हणून मी कोपऱ्यातल्या वायरींकडे बघत राहिले.

"ही लहान केलेली," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला.

चाचांनी दुसरी लावली. तो म्हणाला, "ही मूळ." चाचांनी तीच परत लावली. तो म्हणाला, "ही लहान." त्याच्या बोलण्यात जराही चाचरणं नव्हतं. चाचांनी आणखी एकदा बदलली. या वेळी तो बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग वळून त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग चाचांच्या. तिथे आता कुणाचं कोपर हलत नव्हतं.

चाचांनी गाणं बंद केलं. "भावा, कान दाखवून घे," ते म्हणाले. "गाणं हाय माझ्याकडं. ते कुठं पळत न्हाई."

चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांकडे खोलीला काच नव्हती. कागदावरची रेघ डावीकडून बरी येत होती आणि मग एकदम खाली पडली होती. डॉक्टर म्हणाले, खालचे आवाज ठीक आहेत, बोलणं ऐकू येतं म्हणून इतके दिवस कळलं नाही. वरचे बारीक आवाज गेलेत. गेलेले येत नाहीत. नवऱ्याने विचारलं, "पण मला तर ऐकू येत होतं. मी स्वतः तपासलं." डॉक्टर म्हणाले की पाठ असलेलं गाणं माणूस डोक्याने ऐकतो, कानाने नाही. अनोळखी गाणं घेतलं असतंत तर कदाचित लगेच कळलं असतं.

परत येताना तो स्कूटरवर एवढंच म्हणाला, "नमुनाच चुकीचा घेतला."

कंपनीत सांगायला तो तयार नव्हता. पुढच्या महिन्यात सांगतो, नवीन मॉडेलचं काम संपलं की सांगतो. मी त्याला म्हटलं, मला तुमचे पाचही बोटांचे दोन्ही हात हवेत, तुमचं सेटरपण नको. उद्या सांगितलं नाहीत तर परवा मी गेटवर येऊन बसेन. तो माझ्यावर ओरडला, तुला काय कळतं, त्या शॉपमध्ये मला काय मान आहे. मला कळत होतं. नवीन डाय आली की मॅनेजरसुद्धा त्याच्याकडे बघायचा, तो मान हलवेपर्यंत मशीन सुटायचं नाही. ते मी हिसकावून घेत होते, आणि मी ते घेतलंच.

त्याने सांगितलं. कंपनीवाल्यांनी त्याच्या जुन्या तपासण्या काढल्या. दरवर्षी नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. म्हणजे कान इथे गेलेले नाहीत, बाहेर कुठेतरी गेले असतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्याला पॅकिंगला टाकलं. आता तो खोके चिकटवतो. हात दोन्ही धड आहेत. संध्याकाळी तो दारात दिसला की मला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्याचा चेहरा दिसला की त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच चीड येते.

चाचांनी सगळ्या मोठ्या फाइल नव्या डिस्कवर भरून दिल्या. नवऱ्याने ती कपाटात ठेवली आणि बरेच दिवस उघडली नाही. बसमध्येही गाणी ऐकायचं त्याने सोडलं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो ती डिस्क घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने मनगट पुढे केलं.

"बाबांचं लावतो. खंजिरी वाजेल तिथं दाब."

मी त्याचं मनगट धरलं. गाणं सुरू झालं. झांजा वाजल्या की मी अंगठा दाबायचे. तो डोळे मिटून बसला होता. माझा अंगठा आणि त्याची मान एकाच वेळी हलत होती, एकदाही चुकली नाही. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना मजेतला भाव आला. मला वाटलं, चला, एवढं तरी राहिलंय.

शेवटच्या कडव्याच्या आधी खंजिरी थांबली. ती सतरंजीवर ठेवल्याचा बारीक आवाज आला, मग कुणीतरी चपला पायात सरकवल्या आणि त्या दूर गेल्या. बाकीचे गातच होते. मी अंगठा दाबायची थांबले. त्याची मान ठेक्यात हलत राहिली, पूर्ण कडवंभर. मग माझा अंगठा दाबत नाहीये हे त्याला जाणवलं बहुतेक, त्याने डोळे उघडले.

"का थांबलीस?"

"खंजिरी खाली ठेवली त्यांनी. चपला घालून गेले."

"तिसरी शिफ्ट असेल," तो म्हणाला. "बस यायची नाक्यावर." आणि मग थोड्या वेळाने, गाणं संपल्यावर, "मला वाटायचं ते शेवटपर्यंत असायचे."